सहा हजार कोटी ठिपक्यांची इमारत

माझ्या धाकट्या भावाला घरीदारी आणि कामावर सगळे 'अख्खा' म्हणतात. हे नाव त्याला चौथ्या वर्षी पडलं. आई बिस्किटांचा पुडा फोडायची, त्यात दोन-तीन तरी तुटलेली निघायची, आणि हा पठ्ठ्या जमिनीवर लोळण घेऊन "अख्खं दे, अख्खं दे" करत आजूबाजूची घरं डोक्यावर घ्यायचा. तुकडा त्याने कधी तोंडात घातला नाही. तुकडे आई खायची. तिला पुऱ्या आयुष्यात अख्खं बिस्कीट किती वेळा मिळालं असेल, हे मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

बाकीची मुलं असले हट्ट मिसरूड फुटायच्या आत विसरतात. आमचं ध्यान एक्केचाळीस वर्षांचं झालं तरी तसंच आहे. सिनेमाला दोन मिनिटं उशीर झाला तर तिकिटं खिशात घालून परत फिरतो. पुस्तकाचं एक पान फाटलेलं असलं तर ते वाचत नाही. लग्नाचं म्हणाल, तर दोन ठिकाणी भेटीगाठी झाल्या होत्या. दोन्हीकडून हा एकच वाक्य बोलत परत आला, "तासाभरात माणूस अख्खा कसा कळणार?" मी म्हटलं, "बाबा, आम्ही वीस वर्षं एका छताखाली राहतोय, मला माझा नवरा अजून पाव कळलेला नाही." पण तो हसला नाही. त्याला ते खरोखरच वाईट वाटलं.

आम्ही दोघं एकाच ठिकाणी कामाला आहोत. मोठमोठे फलक छापायचा कारखाना आहे. अख्खा आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर कोड लिहितो. फोटोंचे तुकडे जोडून एकच एक भलंमोठं चित्र तयार करायचं आणि छपाईच्या यंत्राकडे पाठवायचं, हे त्याच्या प्रोग्रामचं काम. यंत्रातून तीन मीटर रुंदीच्या कापडी पट्ट्या निघतात. त्या पट्ट्या शिवून, कडेने पितळी रिंगा ठोकून फलक उभा करायचा, हे माझं काम. गेली बावीस वर्षं करतेय. तो चित्र अख्खं करतो आणि यंत्र त्याचे तुकडे करतं. ते तुकडे मी परत जोडते. मध्ये यंत्र नसतं तर आम्हा बहीणभावांपैकी एकाची गरजच नव्हती.

मालकांचा एक नियम आहे. चित्र खऱ्या मापात, अख्खंच्या अख्खं कॉम्प्युटरवर उघडल्याशिवाय ते सही करत नाहीत, आणि सही झाल्याशिवाय यंत्राचं बटण दाबलं जात नाही. पूर्वी ते छोटं चित्र बघून सही करायचे. मग एकदा एका मंगल कार्यालयाचा फलक लागला. छोट्या चित्रात कोपऱ्यात एक ठिपका होता. चौकात बारा मीटरचा फलक चढल्यावर तो ठिपका म्हणजे नाकात बोट घालून उभा असलेला एक पाहुणा निघाला, आणि ते बोट हातभर लांब होतं. तेव्हापासून मालकांनी छोट्या चित्राचा धसकाच घेतला. अख्ख्याला मात्र हा नियम मनापासून आवडला होता. जगात आपल्यासारखं आणखी कोणीतरी आहे, असं त्याला वाटलं असावं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आमच्याच इमारतीचं काम आमच्याच कारखान्यात आलं.

आमची म्हणजे आईची. अख्खा आणि आई तिथे तिसऱ्या मजल्यावर राहतात. मी लग्नानंतर दोन गल्ल्या सोडून राहते. इमारतीच्या दर्शनी भिंतीला तडे गेले होते, तेव्हा आठ महिने परांची बांधून दुरुस्ती करायची ठरली. समोरच्या इमारतीने मागे अशीच दुरुस्ती काढली होती आणि पुढे हिरवं कापड सोडलं होतं. त्या काळात त्यांच्याकडे येणाऱ्या माणसांना इमारत ओळखूच यायची नाही. एकाचे सासरे तर खालून तीन फेऱ्या मारून घरी परत गेले म्हणे. आपल्याकडे असं व्हायला नको, म्हणून आमच्या चेअरमननी एक तोडगा काढला. इमारतीपुढे कापड सोडायचं, आणि त्या कापडावर इमारतीचंच चित्र छापायचं, खऱ्या मापात. म्हणजे इमारत झाकलेली असली तरी झाकलेली दिसणार नाही.

चेअरमन घड्याळं दुरुस्त करतात. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसल्यामुळे सगळे त्यांना भिंगकाका म्हणतात. त्यांना दोन इंचांवरचं जग लख्ख दिसतं, त्यापलीकडचं ते अंदाजाने चालवून घेतात. कुठेतरी त्यांनी वाचलं होतं की उत्तम छपाई म्हणजे इंचाला तीनशे ठिपके. झालं, करारात ते कलम घातलं गेलं. अख्ख्याने त्यांना समजावलं, "काका, रस्त्यावरून बघायला इंचाला तीस ठिपकेसुद्धा जास्त होतात. वीस मीटरवरून कोणाला दिसणारेत?"

"मी जवळ जाऊन बघेन," भिंगकाका म्हणाले. "शिडी आहे माझ्याकडे."

"आणि वारा जाण्यासाठी जाळीचं कापड..."

"जाळीला भोकं असतात. भोकात ठिपका कसा राहील? जाड कापड पाहिजे. एक भोक चालायचं नाही. घड्याळाच्या चाकाला एक दात कमी असेल तर चालतं का?"

इथे अख्ख्याने वाद घालायला हवा होता. पण त्याच्या चेहऱ्यावर मी ते बिस्किटाच्या वेळचं तेज पाहिलं आणि कपाळाला हात लावला. एक भोक नाही, एक शिवण दिसत नाही, अख्खीच्या अख्खी इमारत! दुसऱ्याच दिवशी तो समोरच्या गच्चीवरून लांबची लेन्स लावून फोटो काढायला बसला. साडेचारशे फोटो काढले.

मग राहणाऱ्यांच्या सूचना आल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दोरीवरचे कपडे काढून टाकायला सांगितले. निवृत्त मास्तरांना आपण गॅलरीत व्यायाम करताना दिसायला हवे होते. ते गॅलरीत फक्त खुर्ची टाकून झोपतात. पहिल्या मजल्यावरचं जोडपं फोटोत एकाच खिडकीत आलं होतं, पण मधल्या आठवड्यात त्यांचं बिनसलं, तेव्हा दोघांनी वेगवेगळे अर्ज देऊन वेगवेगळ्या खिडक्या मागितल्या. अख्ख्याने सगळं वहीत लिहून घेतलं.

फक्त आईने काही मागितलं नाही. फोटोत ती होतीच. साडेचारशे फोटोंत जिथे जिथे तिची खिडकी आली तिथे तिथे ती होती.

आईच्या गुडघ्यांनी संप पुकारल्याला दोन वर्षं झाली. इमारतीला लिफ्ट नाही, तेव्हा ती खाली उतरलेली नाही. तिचं सगळं जग त्या एका खिडकीत मांडलेलं आहे. आठ वाजता शाळेची मुलं जातात, साडेनऊला भाजीची गाडी येते, चारला बस येते आणि बसमधून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या चालण्यावरून आई त्याच्या घरची हालहवाल सांगते. भाजी घ्यायची तर काठीच्या टोकाला पिशवी अडकवून ती खिडकीबाहेर धरते आणि दोरी सोडते. मग पिशवीत काय आलं यापेक्षा भाजीवाली खालून काय बोलली, याचं तिला जास्त कौतुक असतं.

अख्ख्याने तिला मोठ्या उत्साहाने सांगितलं, "आई, तू चित्रात असणार आहेस. तुझा केस न् केस दिसेल."

आईने विचारलं, "मी दिसेन रे. पण मला काय दिसेल?"

खरं सांगते, तोपर्यंत ही गोष्ट आम्हा दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. तिच्या खिडकीपुढे हातभर अंतरावर आठ महिने जाड कापड येणार होतं. पुढच्या बाजूला छापलेली ती, आणि मागच्या बाजूला अंधारात खरी ती.

"मला चित्रात नको घेऊस," आई म्हणाली. "मला खिडकीत राहू दे."

अख्खा भिंगकाकांकडे गेला. तिसऱ्या मजल्यावर एका खिडकीएवढी जागा मोकळी ठेवू का, म्हणून विचारलं. भिंगकाकांनी करार उघडून 'एकही भोक नसलेले' या शब्दांवर भिंग धरलं. मालकांनाही विचारलं. मालक म्हणाले, "अख्ख्या, तू? तू भोक मागतोस?" हा मान खाली घालून परत आला आणि आईला नाही म्हणाला. मला त्याचा असा राग आला की त्या दिवशी मी शिवणयंत्राच्या दोन सुया मोडल्या.

आई रडली नाही की भांडली नाही. तिने काय केलं, तर खिडकीला आतून एक जाड चादर अडकवली. म्हणाली, "आतापासून सराव केलेला बरा." आणि चादरीपुढे खुर्ची टाकून बसली. मी तिच्याशेजारी बसले होते. चार वाजता ती म्हणाली, "बस आली." मी चादरीची कड उचलून पाहिलं. रस्ता रिकामा होता. मी म्हटलं, "हो आई, आली." अख्खा मागे दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं.

इकडे कारखान्यात वेगळाच घोळ सुरू झाला होता. इमारत चोवीस मीटर रुंद आणि अठरा मीटर उंच. इंचाला तीनशे या हिशेबाने एकूण ठिपके झाले सहा हजार कोटी. प्रत्येक ठिपक्यासाठी कॉम्प्युटरला चार आकडे धरून ठेवावे लागतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती, आणि चौथा म्हणजे तो ठिपका किती पारदर्शक. सगळे मिळून दोनशे चाळीस जीबी. अख्ख्याच्या कॉम्प्युटरची मेमरी सोळा जीबी.

मी विचारलं, "कापड तर ठार जाड आहे. मग तो पारदर्शकवाला चौथा आकडा कशाला? टाकून दे की."

"मग तो ठिपका अख्खा राहत नाही, ताई."

मी परत माझ्या टेबलाकडे गेले.

त्याने प्रोग्राम चालवला. सहा टक्के झाले आणि थांबला. मेमरी अपुरी. पुन्हा चालवला, पुन्हा सहा टक्के. सहा टक्क्यांत गच्चीचा कठडा आणि एक कावळा एवढंच यायचं. मालक रोज सकाळी येऊन कावळा बघायचे आणि सही न करता जायचे.

मग मालकांनी फर्मान काढलं की कारखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरची मेमरी काढून अख्ख्याच्या कॉम्प्युटरला द्या. मेमरीच्या पट्ट्या असतात, बोटभर लांब. स्वागतकक्षातली पोरगी बंद कॉम्प्युटरपुढे दिवसभर हसून लोकांना परत पाठवायला लागली. हजेरीचं यंत्र गेलं, तेव्हा आम्ही कामावर असूनही सगळे गैरहजर लागलो. यातल्या निम्म्या पट्ट्या अख्ख्याच्या कॉम्प्युटरमध्ये बसल्याच नाहीत, पण परत जागच्या जागी कोणती कुठे जायची हे कोणालाच आठवेना. शेवटी मालकांनी नव्या पट्ट्या मागवल्या. त्या कॉम्प्युटरमध्ये मावतील तेवढ्या भरून एकशे अठ्ठावीस झाले. त्यापुढे जागाच नव्हती.

आता प्रोग्राम एक्कावन्न टक्क्यांवर थांबायला लागला. अर्धी इमारत आली, मास्तर व्यायाम करताना कमरेपर्यंत आले. परांचीवाल्यांनी कापडासाठी दिलेली तारीख पंधरा दिवसांवर आली होती. मालक बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. मग त्यांनी पेन काढलं आणि कागदावर फक्त स्वतःचं नाव लिहिलं.

"आडनाव?" अख्ख्याने विचारलं.

"उरलेलं चित्र आलं की करतो," मालक म्हणाले.

त्या दिवशी डबा खायच्या सुट्टीत अख्खा माझ्या टेबलाशी येऊन बसला. डबा उघडला नाही. डोळे खोल गेले होते. म्हणाला, "ताई, दोनशे छप्पन्नचा कॉम्प्युटर मिळाला तर होईल. पण तो यायला दोन महिने लागतात."

"हे टेबल किती लांब आहे?" मी विचारलं.

"चार मीटर."

"बावीस वर्षं मी यावर बारा-बारा, वीस-वीस मीटरचे फलक शिवतेय. एक तरी अख्खा फलक मी या टेबलावर पाहिलाय का?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"पट्टी ओढायची, टेबलावर मावेल तेवढीच. तेवढी शिवायची, पलीकडे ढकलायची, विसरायची. मग पुढची ओढायची. शिवलेलं खाली गठ्ठ्यात जातं. तुझ्या त्या कॉम्प्युटरला टेबल आहे तसं कपाटही असेलच ना?"

"डिस्क आहे," तो पुटपुटला. "चार हजार जीबीची."

"मग मेल्या, अख्खी इमारत टेबलावर कशाला मांडतोस? हातभर घे, रंगव, कपाटात टाक."

हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकात असतंच ते, आणि त्याच्या धंद्यातल्या कोणत्याही माणसाने पहिल्याच दिवशी तसं केलं असतं. पण त्याच्यासाठी ते तुटलेलं बिस्कीट होतं. इमारत कधीच, एका क्षणासाठीही, एकत्र असणार नव्हती. तो बराच वेळ माझ्या टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग उठला. डबा तिथेच राहिला, तो मी खाल्ला.

चार दिवस तो खोलीतून बाहेर पडला नाही. त्याने नवा प्रोग्राम लिहिला. वीतभर उंचीचा तुकडा मेमरीत घ्यायचा, ठिपके भरायचे, डिस्कवर लिहायचे, मेमरी पुसायची आणि पुढचा तुकडा घ्यायचा. सोळा जीबीत सगळं आरामात बसलं. मेमरीच्या उरलेल्या पट्ट्या त्याने स्वागतकक्षातल्या पोरीला परत दिल्या. पाचव्या दिवशी शंभर टक्के झाले. मी म्हटलं, "कसं वाटतंय?" तो म्हणाला, "काही दिसलंच नाही, ताई. सगळं समोरून गेलं फक्त." आणि थोडा हसला.

आता घोडं अडलं ते सहीपाशी. डिस्कवर चित्र अख्खं होतं, पण ते एकदम उघडेल असा कॉम्प्युटर आमच्याकडे नव्हताच. मालक म्हणाले, "ठीक आहे. मीही तुकड्या-तुकड्याने बघतो. पण खऱ्या मापात आणि सगळं." अख्ख्याने हिशेब करून सांगितलं की पडदा एकोणतीस हजार वेळा सरकवावा लागेल. मालक हट्टाला पेटले. सकाळी नऊला डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात केली. एकामागून एक आकाशाचे चौकोन. दुपारी कावळ्याची चोच आली तेव्हा त्यांनी सगळ्यांना बोलावून दाखवली. संध्याकाळपर्यंत ते पावणेदोन मीटर खाली उतरले. या वेगाने जमिनीवर पोचायला दहा दिवस लागणार होते, आणि परांचीची तारीखही दहाच दिवसांवर होती. छपाई आणि शिवण कधी करायची?

मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "मालक, सही कापडावरच करा."

"म्हणजे?"

"कापड टांगलं की खऱ्या मापात अख्खं दिसेल की नाही? रस्त्यावर उभं राहून बघा. काही चुकलं असेल तर मी स्वतः उतरवून उसवीन."

डोळे चोळत मालक म्हणाले, "नाकात बोट घातलेलं कोणी नाही ना?"

"मास्तर आहेत. पण त्यांचे दोन्ही हात वर आहेत."

बावीस वर्षांत पहिल्यांदा आमच्याकडे सहीशिवाय यंत्र चालू झालं. आठ पट्ट्या निघाल्या, एकेक अठरा मीटर लांब. मी शिवायला घेतल्या. भिंगकाका रोज येऊन डोळ्याला भिंग लावून कापडावर ओणवे व्हायचे आणि "उत्तम" म्हणायचे. इमारतीचा कोणता भाग चाललाय हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. मला मात्र काही उत्तम वाटत नव्हतं. आपण आपल्या हाताने आईचा उजेड शिवून टाकतोय, असं वाटत राहायचं.

सहावी पट्टी ओढता ओढता आईची खिडकी टेबलावर आली. निळा पडदा, खिडकीच्या चौकटीवर टेकलेली काठी, आणि आई. अगदी खऱ्या मापाची. केस न् केस. मी डोळे पुसले आणि खाली वाकून पाहिलं, तर खिडकीच्या चौकटीच्या आतल्या कडेने बारीक, तुटक तुटक रेघ होती. चारही बाजूंनी. कोपऱ्यात नखाएवढ्या कात्रीचं चित्र. कूपन कापायला असतं ना, अगदी तसं.

चौकटीच्या रंगाहून जेमतेम गडद होती ती. भिंगकाकांना भिंगातून कदाचित दिसली असती, पण त्या दिवशी ते तळमजल्याच्या पायऱ्यांवर ओणवे होते. ज्याने जन्मात तुटका तुकडा हातात धरला नाही, त्याने सहा हजार कोटी ठिपक्यांमध्ये स्वतः कापायची खूण घातली होती. आणि मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मी आतल्या खोलीकडे बघितलं. तो दाराच्या फटीतून माझ्याकडेच बघत होता. नजरानजर झाल्यावर घाईघाईने कॉम्प्युटरकडे वळला.

मी कात्री घेतली. रेघेवरून कापलं आणि कड दुमडून दुहेरी शिवून टाकली, वाऱ्याने फाटायला नको म्हणून. कापून काढलेला तुकडा टेबलावर पसरला. बावीस वर्षांत माझ्या टेबलावर अख्खं मावलेलं ते पहिलं चित्र.

कापड चढवायच्या दिवशी सगळी इमारत रस्त्यावर उतरली होती. दोर ओढले गेले आणि इमारतीपुढे इमारत उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई आपली रिकामी दोरी बघून खूश झाल्या. पहिल्या मजल्यावरचं जोडपं, जे एव्हाना पुन्हा गोड झालं होतं, चित्रात आपल्याला लांब लांब बघून हिरमुसलं. माझं लक्ष फक्त तिसऱ्या मजल्याकडे होतं. निळा पडदा, काठी, आई. चित्रातल्यासारखीच बसली होती. मी तिला बजावलं होतं की निदान सही होईपर्यंत हलू नकोस.

मालकांनी मागे सरकत सरकत अख्खं कापड डोळ्यांत घेतलं. "नाक..." म्हणत एकेक माणूस तपासला. मग समाधानाने मान हलवली, माझ्या पाठीवर कागद ठेवला आणि आडनाव लिहिलं.

भिंगकाका वर मान करून डोळे बारीक करत होते. "बाकी सगळं छानच," ते अख्ख्याला म्हणाले, "पण तुझ्या आईचं चित्र फार जिवंत आलंय रे. जरा पापणी हलल्यासारखी वाटली."

"उन्हाने वाटतं तसं," अख्खा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

एवढ्यात चार वाजले आणि कोपऱ्यावरून बस आली. चित्रातून आवाज आला, "आली गं बाई बस!" आणि पाठोपाठ चित्रातून एक काठी बाहेर आली. काठीच्या टोकाला पिशवी होती. दोरी सुटली आणि पिशवी गचके खात, तीन मजले उतरून, भिंगकाकांच्या नाकासमोर येऊन लोंबकळायला लागली.

मालक हातातल्या सहीच्या कागदाकडे बघायला लागले. मला वाटलं, आता हे उतरवायला लावणार, मला त्या खिडकीवर ठिगळ मारायला लावणार आणि आई पुन्हा चादरीपुढे बसणार. अख्ख्याने माझा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसा घट्ट.

भिंगकाकांनी सावकाश खिशातून भिंग काढलं. डोळ्याला लावलं. दोरीच्या अगदी जवळ गेले, दोन इंचांवर. खालून वर, वरून खाली दोरी निरखली. मग पिशवीचा बंद निरखला. मग मान वर करून, ज्या अंतरावर त्यांना काहीही दिसत नाही त्या अंतरावरच्या तिसऱ्या मजल्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"ठिपके काही दिसत नाहीत," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे तीनशेच्या वरच असणार. काम पास."

भिंग खिशात टाकून ते दुकानाकडे चालू लागले. त्यांना कळलं होतं की नाही, हे मी आजपर्यंत त्यांना विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

अख्ख्याने पिशवी उघडली. आत कागदात गुंडाळलेलं एक बिस्कीट होतं. अर्धं.

वरून, चित्रातल्या खिडकीतून, आई ओरडली, "अरे, अख्खं नव्हतं शिल्लक!"

"चालेल, आई," तो म्हणाला आणि तिथेच रस्त्यात उभा राहून त्याने ते खाल्लं.